चतकोर ओळख

सरदारच्या सात पिढ्या धैर्यशीलराव जगदाळ्यांना तोंडपाठ होत्या. बाप कोण, आजा कोण, पणजी कुठल्या साली कुठल्या स्पर्धेत पहिली आली, हे ते सकाळी चहाला आलेल्या कुणालाही ऐकवत. पाहुणा उठायला लागला की त्याला पुन्हा बसवून खापरपणजोबापर्यंत नेत. सरदार स्वतः अजून जन्मायचा होता, ही गोष्ट त्यांच्या लेखी किरकोळ होती.

साखर कारखान्यात चीफ केमिस्ट म्हणून त्यांची हयात गेली होती. रसाची शुद्धता मोजायची आणि ती कमी भरली की कुणाचा तरी उद्धार करायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, मोजायची सवय सुटली नाही. 'खाण तशी माती' ही त्यांची आवडती म्हण होती आणि ती ते उसापासून आमदारापर्यंत सगळ्यांना लावत. तेव्हा कराडच्या त्या मोठ्या, शांत घरात कुत्रं आणायचं ठरल्यावर ते अस्सलच असणार हे उघड होतं. हंगेरीच्या विझ्ला जातीवर त्यांचं मन बसलं. अंगावर आखूड तांबूस केस, म्हणून उन्हाळा सोसतं. आणि मालकाच्या पायात पाय घालून चालतं, त्याला क्षणभर सोडत नाही. हा दुसरा गुण त्यांना विशेष पटला होता. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शोध सोपा नव्हता. दिल्लीच्या एका दलालाने पाठवलेल्या वंशावळीत आजीचा जन्म आईच्या नंतर झालेला निघाला. दुसऱ्याने दाखवलेलं पिल्लू तिसऱ्याच्या फोटोतही होतं, फक्त गळपट्टा बदललेला. अखेर हंगेरीतल्या एका खेड्यात इलोनाबाई सापडल्या. त्यांचं घराणं तीन पिढ्या विझ्ला वाढवत होतं. बाई पैशाचं शेवटी बोलत. आधी माणूस तपासत.

मुलाखत पडद्यावर झाली. इलोनाबाई त्यांच्या भाषेत बोलत आणि भाषांतराचं यंत्र ते मराठीत आणत असे. यंत्राचं मराठी मात्र फार शुचिर्भूत होतं.

"आपल्या निवासस्थानी कोण कोण वास्तव्य करतात?" यंत्राने विचारलं.

"आम्ही दोघंच. मी आणि पत्नी."

"आपणांस अपत्ये किती?"

"नाहीत," धैर्यशीलराव म्हणाले.

रोहिणीबाई पलीकडे बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ताट उचललं आणि आत निघून गेल्या. मेथी निम्मी निवडायची राहिली होती.

अपत्य होतं. ईश्वरी नाव. चार वर्षांपूर्वी तिने तन्मयबद्दल घरात सांगितलं. मुलाचं शिक्षण, नोकरी, स्वभाव, सगळं धैर्यशीलरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. आडनाव ऐकलं आणि खुर्चीतून उठले. पुढे मिरजेत लग्न झालं, त्याला ते गेले नाहीत. तेव्हापासून त्यांनी मुलीचं नाव उच्चारलं नव्हतं. नाव घेतलं नाही की माणूस हळूहळू नाहीसं होतं, असा त्यांचा समज होता, आणि तो खरा ठरतोय असं त्यांनी स्वतःला पटवलंही होतं.

इलोनाबाईंनी होकार दिला आणि मग गंधछापेचं समजावून सांगितलं. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला दिसत नाही, ऐकूही येत नाही. जगाशी त्याचं नातं काय ते नाकाचं. पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या मेंदूत एक दार उघडं असतं. त्या दारातून जो वास आत जातो तो 'आपला' ठरतो, एरवी आईचा आणि भावंडांचा. दार बंद करणारं द्रव्य शास्त्रज्ञांना सापडलं होतं. त्यावर उतारा शोधून ते दार जरा जास्त वेळ उघडं ठेवता येऊ लागलं, आणि तेवढ्यात हजारो मैलांवरच्या मालकाचा वास पिल्लाच्या अंथरुणात सोडला, तर पिल्लू त्या माणसाला न पाहताच आपलं मानायला लागतं. पूर्वी परदेशातून आलेली पिल्लं महिना महिना कोपऱ्यात बसून कुढत. आता ती पेटीतून बाहेर येतात ती शेपूट हलवतच.

त्यासाठी कपडा पाठवायचा होता. साबण न लावता आठ दिवस अंगात घातलेला सुती गंजीफ्रॉक, हवाबंद पाकिटात. तिकडे त्यातून वासाचा अर्क काढत. धैर्यशीलरावांनी आठ दिवस निष्ठेने साबण वर्ज्य केला. शेजाऱ्यांनी चहाला यायचं कमी केलं. नवव्या दिवशी त्यांनी गंजीफ्रॉक काढून रोहिणीबाईंकडे दिला, त्यांनी पाकीट भरलं, बंद केलं आणि कुरियरच्या माणसाच्या हातात ठेवलं.

सरदार जन्मला, डोळे उघडले, धावायला लागला. नव्या लशीमुळे अडीच महिन्यांचं पिल्लूही आता आणता येत होतं. धैर्यशीलराव स्वतः मुंबई विमानतळावर जाऊन पेटी घेऊन आले. पेटी घरीच उघडायची, अशी ताकीद होती. वाटभर ते जाळीला कान लावून बसले होते. आतून एक बारीक, तक्रारीचा सूर येत होता आणि त्यांना तो फार गोड वाटत होता.

दारात रोहिणीबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. पेटीवरून तो ओवाळून टाकला, पाणी ओवाळलं, आणि मग दिवाणखान्यात पेटी उघडली.

तांबूस रंगाचं, मऊ कानांचं पिल्लू बाहेर आलं. धैर्यशीलराव गुडघ्यावर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. सरदार थेट त्यांच्याकडे आला. त्याने तळहात हुंगला. शेपूट हलली. मग शेपूट थांबली. सरदारने पुन्हा हुंगलं, वर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या मागे पाहिलं. त्यांना वळसा घालून तो मागे गेला. तिथे कुणी नव्हतं. तो दारापाशी जाऊन बसला, बाहेर तोंड करून.

"दमलंय," धैर्यशीलराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही ते दमलेलंच होतं. तिसऱ्या दिवशीही. चमच्याने दूध पाजलं तर तेवढं पोटात जाई; आपण होऊन ते कशाला तोंड लावत नव्हतं. रोज सकाळी मात्र एक गोष्ट न चुकता घडे. धैर्यशीलराव उठून आले की ते आशेने धावत येई, हात हुंगे आणि मग त्यांच्या मागे पाहत राही. जणू ते एकटे आलेत, बरोबरचं माणूस मागे राहिलंय. ते कधी येणार, एवढंच त्याला विचारायचं असावं.

पिल्लाच्या फासळ्या दिसायला लागल्या तेव्हा त्याला डॉक्टर केतकी शिंत्र्यांकडे नेलं. बाई गावात नव्या होत्या. त्यांनी इलोनाबाईंकडून वासाच्या अर्काचं पृथक्करण मागवून घेतलं, धैर्यशीलरावांच्या मनगटावरून कापूस फिरवला आणि तो यंत्रात घातला. मग बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.

"हा वास तुमचा नाही," त्या म्हणाल्या.

"नसायला काय झालं? आठ दिवस घातला होता गंजीफ्रॉक."

"त्या गंजीफ्रॉकमध्ये त्यांना साबणच सापडला. अर्क निघाला तो दुसऱ्या कपड्यातून. तोही तुमचा नाही, पण अगदीच परका नाही. चतकोर तुमचा आहे."

"चतकोर म्हणजे?"

"अंगाचा वास नुसता घामाचा नसतो, काका. रोगाशी लढणारी जी जनुकं असतात त्यांचाही त्यात हात असतो, आणि ती निम्मी आईकडून येतात, निम्मी बापाकडून. म्हणून एका घरातल्या माणसांचे वास एकमेकांशी जुळतात. तुमच्या मुलाचा किंवा मुलीचा असता तर निम्मा जुळला असता. हा पाव जुळतोय, आणि त्यात दुधाचा अंश आहे. म्हणजे नातवंडाचा. दीड-दोन वर्षांचं असेल." त्यांनी टेबलावर पडलेल्या सरदारचं डोकं कुरवाळलं. "हे त्या मुलाला शोधतंय. तुमच्या हाताला त्याला थोडी ओळख लागते, म्हणून जवळ येतं. मग ते मूल तुमच्याबरोबर नाही म्हणून मागे बघतं."

"आम्हाला नातवंड नाही," धैर्यशीलराव म्हणाले.

डॉक्टरांनी रोहिणीबाईंकडे पाहिलं. रोहिणीबाई पिल्लाकडे पाहत होत्या.

"मग दोनच वाटा आहेत," डॉक्टर जरा जपून बोलल्या. "एक म्हणजे त्या मुलाची आणि याची गाठ घालून द्यायची. दुसरी, छाप पुसायची. इंजेक्शन आहे. ते दिलं की आधीचा वास जातो आणि नवा वास भरता येतो. पण पिल्लू चार महिन्यांचं व्हायच्या आत. नंतर ते दार उघडत नाही."

"पुसा."

"त्याला त्रास होतो का?" रोहिणीबाईंनी विचारलं.

"दुखत नाही. आठवतही नाही. पण पुसलेली पिल्लं काहीतरी हुडकत राहतात, असा अनुभव आहे. काय गेलं ते त्यांना कळत नाही. काहीतरी गेलं, एवढं कळतं." त्यांनी पुढच्या आठवड्यातला दिवस दिला. "तोवर तुम्ही पुन्हा गंजीफ्रॉक घालून ठेवा, काका. या वेळी धुवू नका."

घरी जाताना गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे दोघांनाही रस्त्याकडे पाहायचं निमित्त नव्हतं.

"काय घातलंस पाकिटात?" धैर्यशीलरावांनी विचारलं.

"गंजीफ्रॉक धुऊन इस्त्री करून घातला. आठ दिवसांचा मळका कपडा लोकांच्या घरी पाठवायचा? काय म्हणतील, जगदाळ्यांच्या घरात पाणी नाही?" रोहिणीबाई म्हणाल्या. "आणि एक झबलं घातलं. नव्या जिवाला पहिलं वस्त्र नवं घालत नाहीत. चांगल्या वाढलेल्या लेकराचं जुनं घालतात, म्हणजे तेही तसंच वाढतं. तुम्हाला तुमच्या चुलतभावाचं घातलं होतं, आत्याबाई सांगायच्या."

"झबलं कुणाचं?"

"ईश्वरीच्या मुलीचं."

चार वर्षांत ते नाव त्यांच्यासमोर पहिल्यांदाच कुणी घेतलं होतं. ते काही नाहीसं झालेलं नव्हतं.

"तू जातेस तिकडे?"

"पौर्णिमेला."

"पौर्णिमेला तू नरसोबाच्या वाडीला जातेस."

"वाडीलाही जाते. येताना मिरजेत थांबते. दत्तमहाराजांशी खोटं बोलले नाही मी. तुमच्याशी बोलले."

धैर्यशीलरावांतल्या केमिस्टने विचारलं, "गंजीफ्रॉक धुतलास. झबलं का नाही धुतलंस?"

रोहिणीबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. "त्याला तिचा वास होता. मी ते कपाटात ठेवायची, अधूनमधून काढायची. ते पाठवायला माझ्या जिवावर आलं होतं. पण तुम्ही त्या बाईला 'नाहीत' म्हणालात ना, तेव्हा वाटलं, निदान एका मुक्या जिवाला तरी या घरात कोण कोण आहे ते नीट कळू दे."

"म्हणजे मुद्दाम केलंस."

"गंजीफ्रॉक धुवायचा नव्हता हे मला खरंच माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्याला दोघांचाही वास लागेल असं वाटलं होतं मला."

एवढ्यावर बोलणं संपलं. नातीचं नाव काय, ते धैर्यशीलरावांनी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही असं रोहिणीबाईंनी ठरवलं होतं.

तो आठवडा त्या घराने कसाबसा काढला. धैर्यशीलराव पुन्हा साबणाला पारखे झाले. रोहिणीबाई दोन वेळचं वाढत आणि वाढण्यापुरतंच बोलत. सरदार दारापाशी पडून असे. सकाळ झाली की तो उठे, आता जरा लटपटतच, धैर्यशीलरावांचा तळहात हुंगे आणि त्यांच्या मागे पाही. हात आता चांगलाच वासाचा झाला होता. पण चतकोराची अर्धी काही होत नव्हती.

एका सकाळी तो असाच मागे बघत राहिला तेव्हा धैर्यशीलरावांनीही मान वळवून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तिथे कुणी असू नये अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच केली होती.

त्यांना लाज वाटली. लोकांपुढे वाटते तशी नाही. दुसरं कुणी पाहत नसताना वाटते तशी. या पिल्लाने ती मुलगी पाहिली नव्हती, तिचा आवाज ऐकला नव्हता, तिच्या बापाचं आडनाव त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी ते तिच्यासाठी उपाशी राहत होतं. आणि तिचा सख्खा आजा दोन्ही वेळ जेवत होता, वर दुपारी झोपत होता. शुद्धतेचा हिशेब त्यांनी आयुष्यभर केला, पण असला आकडा कधी समोर आला नव्हता.

इंजेक्शनच्या दिवशी सकाळी ते सरदारला मांडीवर घेऊन गाडीत बसले. रोहिणीबाई शेजारी बसल्या. त्यांनी एक पिशवी घट्ट धरली होती, त्यात पिल्लाचं दूध आणि चमचा.

"डॉक्टर शिंत्रे यांचा दवाखाना?" गाडीने विचारलं.

पिल्लाने मान धैर्यशीलरावांच्या मनगटावर टाकली होती. वजन असं काही उरलंच नव्हतं त्याला.

"दवाखान्यात जायचं?" गाडीने पुन्हा विचारलं.

"मिरज," धैर्यशीलराव म्हणाले.

"मिरज. नेहमीच्या ठिकाणी?"

त्यांनी रोहिणीबाईंकडे पाहिलं. रोहिणीबाई पदर नीट करत होत्या.

"नेहमीच्या," ते म्हणाले.

सांगली मागे पडली. मिरजेत गाडी वळणं घेत एका लहानशा इमारतीसमोर आपण होऊन थांबली. रोहिणीबाईंनी पुढे होऊन घंटा वाजवली नाही. त्या जिन्याच्या खालच्या पायरीवरच उभ्या राहिल्या. घंटा धैर्यशीलरावांनी वाजवली.

ईश्वरीने दार उघडलं. चार वर्षांत ती थोडी भरली होती, केस आखूड केले होते. तिने बापाकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या पिल्लाकडे पाहिलं, जिन्याखालच्या आईकडे पाहिलं. एक हात तिने दाराच्या चौकटीवरच ठेवला. धैर्यशीलरावांनी वाटेत दोन-तीन वाक्यं जुळवली होती. ती कुठे गेली ते त्यांना कळेना.

"पप्पा," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही आंघोळ केली नाहीत का?"

"आंघोळ करतो. साबण बंद आहे."

"का?"

ते उत्तर फार लांबचं होतं. पण ते द्यायची वेळ आली नाही. सरदारने मान उचलली होती. त्याच्या नाकपुड्या थरथरत होत्या. जो कण्हतसुद्धा नव्हता त्याने असा काही सूर काढला की धैर्यशीलरावांचे हात आपोआप सैल झाले. तो खाली उतरला की पडला, सांगता येत नाही. ईश्वरीच्या पायापाशी तो क्षणभर घुटमळला, आणि मग तिच्या पायांमधून आत गेला.

आत, जमिनीवर, वरणभाताची वाटी पुढ्यात घेऊन एक लहान मुलगी बसली होती. निम्मा भात तिच्या गालाला होता. सरदार तिच्यापर्यंत गेला, तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि हलेना. सगळं अंग मात्र शेपटीपासून हलत होतं. मुलीने जराही न घाबरता त्याचा कान धरला, नीट पाहिला, आणि मुठीतला भात त्याच्या तोंडाशी धरला. सरदारने तो खाल्ला. मग वाटीतला खाल्ला. मग जमिनीवर सांडलेला, आणि शेवटी गालावरचा.

"खातंय," रोहिणीबाई खालून म्हणाल्या. त्यांना तिथून दिसत नव्हतं, पण आवाजावरून कळलं असावं.

वाटी चाटून झाल्यावर सरदार उठला. तो परत दाराशी आला, उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या धैर्यशीलरावांपाशी. त्याने रोजच्यासारखा त्यांचा तळहात हुंगला. या वेळी त्याने त्यांच्या मागे पाहिलं नाही. वळून मुलीकडे पाहिलं, पुन्हा हात हुंगला, आणि त्यांच्या पायावर बूड टेकून बसला. सगळं जिथल्या तिथे असल्यासारखा.

"हे कुणाचं पिल्लू?" ईश्वरीने विचारलं.

"हिचं आहे," धैर्यशीलराव म्हणाले. "सरदार नाव त्याचं. अस्सल विझ्ला आहे. बाप त्याचा..." सवयीने ते बापावर आले, आज्यावर आले, आणि पणजीपाशी अडले. सात पिढ्यांची नावं तोंडात होती. समोर भाताने बरबटलेली, कानाची पाळी थेट त्यांच्या आईसारखी असलेली मुलगी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"हिचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

ईश्वरीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. चौकटीवरचा हात तिने काढून घेतला आणि ती दारातून बाजूला झाली.

"तिलाच विचारा," ती म्हणाली.